हरित इंधन आणि पाचटाची कोपी



अध्यक्षाने प्रथम आपली अपात्रता निवेदन करावी, मग पूर्वाध्यक्षांचे पुण्यस्मरण करावे, त्यानंतर भाषेच्या भवितव्याविषयी यथाशक्ती चिंता वाहावी आणि अखेर संयोजकांच्या आतिथ्याची तोंडभर प्रशंसा करून आसनावर बसावे, असा जो शिरस्ता आपल्या संमेलनांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो मोडण्याची परवानगी मी मागत नाही, मोडतोच. कारण आपण जमलो आहोत ते ऐन गळिताच्या दिवसांत, आणि वारणेच्या या खोऱ्यात गळिताचे दिवस म्हणजे बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या शिवाराशिवारांत उभ्या राहण्याचे दिवस. त्या कोप्यांतल्या कोणालाही या मंडपाचे निमंत्रण गेलेले नाही. तेव्हा त्यांचा विषय मी इथे आणला, तर पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या गोष्टी चारचौघांत काढल्या असा बोल माझ्यावर येईल. तो मी आधीच मान्य करून ठेवतो.

ज्या नगरात आपण बसलो आहोत ते विश्वनाथ अण्णा तथा तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात कोरडवाहू माळावर सहकाराच्या बळावर उभे केले. साखर कारखाना, मग दूध संघ, बाजार, शाळा, महाविद्यालये आणि पोराबाळांचा वाद्यवृंद अशी जी मालिका येथे निर्माण झाली, तिच्याकडे महाराष्ट्राने कौतुकाने पाहिले आणि ते कौतुक यथार्थ होते. ज्या कुळवाड्याला सावकाराच्या ओसरीवर बसायला घोंगडे मिळत नव्हते त्याला सहकाराने सभासदत्वाचा भाग दिला, वार्षिक सभेत उभे राहून चेअरमनला जाब विचारण्याचा हक्क दिला. परंतु या राज्यातील कोणत्याही सहकारी साखर कारखान्याचे दप्तर उघडून पाहा. ऊस पिकवणारा तेथे सभासद आहे, पाळीवर काम करणारा हजेरीपटावर आहे. जो माणूस फडात उतरून पहिला घाव घालतो आणि ज्याच्यावाचून गव्हाणीत एक मोळी पडत नाही, तो सभासदही नाही आणि हजेरीपटावरही नाही. तो मुकादमाच्या वहीत आहे. तेथेही त्याचे नाव पूर्ण नसते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून त्यांची मोजदाद होते आणि त्या कोयत्यापुढे उचलीचा आकडा लिहिलेला असतो.

ही व्यवस्था जुनी आहे, तिच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, आज नवे ते काय, असे कोणी विचारील. नवे हे की, गेल्या सात-आठ वर्षांत या उसाला एक नवे पुण्य चिकटले आहे. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यास मुभा दिली. त्याच वर्षी आसवनींच्या कर्जावर ६ टक्के अथवा व्याजाच्या निम्मी, यांतील कमी असेल ती व्याजसवलत देण्यात आली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे उद्दिष्ट २०३० साली गाठावयाचे होते ते २०२५ सालीच गाठले गेले. आता त्यात मक्याचा वाटा मोठा झाला आहे हे मी जाणतो. पण महाराष्ट्राचे इथेनॉल मुख्यतः उसाचेच आहे. टनभर उसाच्या रसातून सुमारे ७० लिटर निघते, आणि रसापासून केलेल्या इथेनॉलला सरकारने लिटरला ६५ रुपये ६१ पैसे भाव बांधून दिला. दुसरीकडे उसाच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून अधिक जो चोथा उरतो तो बॉयलरात जाळून सहवीज निर्माण होते, कारखाना स्वतःपुरती ठेवून उरलेली महावितरणला विकतो, आणि ही वीज कोळशाची नसल्यामुळे तिच्या गणनेसाठी अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा रकाना आहे. दरवर्षी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळीपूजन होते, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येतात आणि ‘शेतकरी अन्नदाता होता, आता ऊर्जादाता झाला’ या थाटाची भाषणे होतात. मी त्या भाषणांच्या विरुद्ध नाही. तेलासाठी परक्यांपुढे हात पसरण्यापेक्षा आपल्या उसाचे तेल जाळणे केव्हाही बरे. माझे भांडण एवढेच की ज्या साखळीच्या एका टोकाला पृथ्वी वाचवल्याचे श्रेय वाटले जाते, तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस कसा राहतो हे त्या श्रेयाचे वाटप करणाऱ्यांनी एकदा वाकून पाहावे.

वाकून म्हणतो ते अलंकार म्हणून नव्हे. कोपीत शिरताना वाकावेच लागते. बांबूच्या कांबी दोन्ही बाजूंनी मातीत रोवून मधोमध बांधलेल्या, त्यांवर चटई, चटईवर प्लास्टिकचा कागद, आणि कागद उडू नये व ऊन लागू नये म्हणून वर पाचट. उंची अशी की बेताच्या माणसालाही ऐन मध्यावर मान ताठ करता येत नाही. दाराच्या जागी जुनेर. आत एका अंगाला पत्र्याची पेटी, तिच्यावर घडी केलेल्या वाकळा, पाण्याचे निळे कॅन; तीन दगडांची चूल बाहेर, कारण आत पेटवली तर ठिणगी पाचटाला धरते. पहाटे तीनला बाई उठते, भाकरी थापते, आणि उजाडायच्या आत फडावर जाते. तान्हे मूल असेल तर बांधावरच्या झाडाला झोळी. न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली साडी. शौचास जायचे ते उसाच्या आडोशाला, आणि तो आडोसा त्यांनीच रोज तोडून कमी करावयाचा असतो. फड संपत येतो तसतशा बाया अधिकाधिक अंधारात उठू लागतात. मोबाइलला वीज हवी असेल तर चहाच्या टपरीवर पाच-दहा रुपये देऊन तो ठेवावा, किंवा शेतकऱ्याच्या मोटारीच्या पेटीपाशी आर्जव करावे. त्या कोपीच्या दाराशी बसले की रात्री समोर कारखान्याचे आवार दिव्यांनी उजळलेले दिसते. त्या दिव्यांची वीज ज्या उसाच्या चोथ्याची आहे तो ऊस याच माणसांनी सकाळी डोक्यावरून ट्रकमध्ये चढवलेला असतो.

राज्यात अशा माणसांची संख्या ८ ते १० लाख असावी असा अंदाज केला जातो. जानेवारी २०२४च्या करारात त्यांच्या तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर २७३वरून ३६६ रुपयांच्या घरात गेला. एका कोयत्याने दिवसभर राबून दोन-अडीच टन होतात. ही वाढ संपाच्या धमकीने मिळाली, कोणाच्या दयेने नव्हे. परंतु त्या कराराच्या वाटाघाटींत दरावर, कमिशनवर, वाहतुकीवर जेवढा खल झाला त्याच्या शतांशानेही निवाऱ्यावर झाला नाही; कारण निवारा ही मागणी आहे असे वाटायला सुद्धा आधी निवाऱ्याची सवय असावी लागते.

निवाऱ्याच्या अभावाचे देहावर काय होते याचा हिशेब एकदा सरकारी कागदावर उमटला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजार ३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यावेळी आपण सगळ्यांनी लोभी डॉक्टरांना शिव्या दिल्या, आणि त्या ज्यांना लागू होत्या त्यांना योग्यच होत्या. पण पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, एक दिवस बसले तर मुकादमाचा खाडा, संसर्ग झाला तर दवाखाना दूर. अशा स्थितीत सहा महिने काढणाऱ्या बाईला ‘पिशवी काढून टाक, कटकट जाईल’ हा सल्ला खरा का वाटतो, या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यात नाही, कोपीत आहे.

आता कायद्याकडे येऊ. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. त्यात कंत्राटदाराने योग्य निवास पुरवावा असे स्वच्छ लिहिले होते, आणि पुढे तो कायदा २०२०च्या संहितेत सामावला गेला. पण त्या १९७९च्या कायद्याला राज्याची हद्द ओलांडणे आवश्यक होते. म्हणजे बीडची टोळी निपाणीपलीकडे कर्नाटकात उतरली तर निदान कागदोपत्री तिला डोक्यावर छप्पर मागण्याचा अधिकार होता. अलीकडे कागल-पन्हाळ्यात उतरली तर तोही नव्हता. स्वतःच्या राज्यात राहिल्याची ही शिक्षा कोणत्या न्यायबुद्धीने दिली असेल ती असो. राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ काढले, त्यासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरवले, आणि मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आखली. वसतिगृहांची कल्पना मला मनापासून मान्य आहे. कोल्हापूरकराला ती मान्य नसून कसे चालेल? १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढून आणि मग जातीजातींसाठी वसतिगृहांची रांग लावून छत्रपती शाहूंनी हेच दाखवले की शिक्षणाचा हुकूम काढण्याआधी शिकणाऱ्याच्या अंथरुणाची तजवीज करावी लागते. पण वसतिगृहाने मूल मागे राहते. आईबाप कोपीतच येतात. आणि दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे टनामागे १० रुपये म्हणजे हंगामाला एक कोटी होतात. एका गावाला पुरेल एवढी पक्की वसाहत त्या एका हंगामाच्या पैशांत निघते.

या ठिकाणी माझ्यासमोर बसलेल्या काही अनुभवी मंडळींच्या मनात जे आक्षेप उठत असतील ते मी ओळखून आहे. खाजगीत ते मला सौजन्यपूर्वक ऐकवण्यातही आले आहेत.

पहिला असा की, हे लोक फिरते. आज या फडावर, उद्या त्या. त्यांना घर बांधून देणार कोठे? माणसे फिरतात हे खरे, जमीन फिरत नाही. गाडीवानांचे अड्डे कारखान्याच्या आसपास वर्षानुवर्षे त्याच ओढ्याच्या काठी, त्याच माळावर पडतात. डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या ‘डोकी सेंटर’च्या टोळ्या ठरल्या गावांच्या ठरल्या गायरानात उतरतात. मुकादमाला ती जागा ठाऊक, चिठ्ठीवाल्याला ठाऊक, वाढे विकत घ्यायला जाणाऱ्या गवळ्याला ठाऊक. फक्त जिल्हा नियोजनाला ठाऊक नाही! पंढरीच्या वाटेवर दोन दिवसांच्या मुक्कामासाठी आपण नळ, फिरती शौचालये आणि दिवे उभे करतो आणि ते केलेच पाहिजेत. मग सहा महिन्यांचा मुक्काम तात्पुरता कसा?

दुसरा आक्षेप, तोडकरी आमचे नोकर नव्हेत, मुकादमाचे आहेत. मुकादम वाहतूकदाराचा आहे. हे खरोखर अत्यंत सोयीचे आहे. उचल देताना पैसा कारखान्याच्या जामीनकीवर बँकेतून निघतो, टोळी पळाली तर कारखान्याचा माणूस पोलिसांत जातो, आणि निवाऱ्याचा प्रश्न निघाला की नातेच तुटते. पेशवाईतले मक्तेदार सुद्धा रयतेशी असा व्यवहार करताना थोडे लाजत असतील.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात निदान ढोंग नाही: आता यंत्रे येत आहेत, पाच-दहा वर्षांत कोयता जाईल, कशाला खर्च करता? २०२३च्या सुमारास सरकारने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये, यांतील कमी असेल ते, असे अनुदान जाहीर केले. म्हणजे या कामासाठी माणूस जोवर लागत होता तोवर त्याच्या छपराला पैसा नव्हता, आणि तो नको झाला तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्या लोखंडाला एका झटक्यात ३५ लाख निघाले. शिवाय या खोऱ्यातली तुकड्यातुकड्यांची, ओल्या मातीची शेते ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी ते अजस्र यंत्र तेथे कसे वळते हेही पाहिले असेल.

आणि कारखाने तोट्यात आहेत, हे चौथे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, तेव्हा आठवडाभरात दिल्लीस शिष्टमंडळे पोचली आणि बंदी सैल करून घेण्यात आली. असे सामर्थ्य असणाऱ्यांनी तोट्याची कैफियत मांडावी, मी ती ऐकेन. पण त्याच शिष्टमंडळाने एकदा दिल्लीस जाऊन ‘इथेनॉलच्या खरेदीच्या अटींत तोडकऱ्याच्या निवाऱ्याची एक अट घाला’ असे सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हा सारा प्रकार उसापुरताच असता तर मी एवढा वेळ घेतला नसता. छपरावर सौरपट्ट्या बसवण्यासाठी फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना सुरू आहे. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. योजना उत्तम आहे. परंतु तिचा लाभ घ्यायचा तर छप्पर स्वतःचे हवे, ते पक्के हवे, वीजमीटर स्वतःच्या नावाचा हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, चाळीतल्याला, सामाईक वाड्यातल्याला, गायरानातल्या झोपडीला ती सहसा शिवत नाही. ज्याच्याकडे स्लॅब आहे त्याचे वीजबिल शून्य होते, ज्याच्याकडे पत्रा आहे त्याचे वाढत राहते. घरकुलासाठी सपाट प्रदेशातील कुटुंबाला आयुष्यात एकदा १ लाख २० हजार मिळतात. राज्याने अलीकडे त्यात भर घातली हे योग्यच झाले. त्याच राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली सौरपट्ट्या मांडण्यासाठी खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडे आहे, आणि सरकारी जमीन तर नाममात्र भाडेपट्ट्याने आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी, यात दुमत नाही. रात्रीअपरात्री मोटार सुरू करायला गेलेला कुणबी साप चावून मेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटवावे लागत नाही. पण ही सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातील गायरानांवरची सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणे काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा याच कोल्हापूर जिल्ह्यात लोक रस्त्यावर उतरले होते. त्याच माळावर एकाची झोपडी असेल तर तिला अतिक्रमणाची नोटीस, आणि पट्ट्यांची रांग असेल तर तिचे फीत कापून उद्घाटन.

आपल्या प्रदेशाला हे नवीन नाही. १९२१ साली मुळशीत सेनापती बापट मावळ्यांबरोबर उभे राहिले ते मुंबईच्या गिरण्यांना धूर न ओकणारी वीज देणाऱ्या धरणाविरुद्ध. त्या विजेलाही त्या काळी पांढरा कोळसा म्हणून नावाजले गेले होते. कोयनेच्या विजेने १९६२ पासून महाराष्ट्र उजळला आणि कोयनेच्या विस्थापितांचे नातू अजून मोर्चे काढतात. फार लांब कशाला, ज्या वारणेच्या पाण्यावर हा ऊस उभा आहे, तिच्या उगमाकडील चांदोलीची माणसे धरणाने एकदा आणि अभयारण्याने पुन्हा उठवली गेली.

आता आपल्या व्यवसायाविषयी. हे संमेलन साहित्याचे आहे, याचा मला विसर पडलेला नाही. अण्णा भाऊ साठे या वारणेच्याच पट्ट्यातले, वाटेगावचे; घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून त्यांनी वारणाखोरे मराठी कादंबरीत आणले आणि ‘फकिरा’ला राज्याचा पुरस्कार मिळाला तेव्हाही त्यांचा पत्ता झोपडीचाच होता. त्यांच्यामागून आलेल्या आम्ही ग्रामीण म्हणवणाऱ्या लेखकांनी वाडा लिहिला, पाटलाचा मळा लिहिला, गुऱ्हाळावरच्या गप्पा लिहिल्या, उसाच्या दरासाठी झालेल्या आंदोलनांचे पोवाडे लिहिले. आणि ते आंदोलन न्याय्यच होते. पण त्याच फडात, बांधाच्या पलीकडे, जी बाई आपल्या लेखी केवळ ‘तोड आली’ या दोन शब्दांत येते आणि जाते, तिच्याकडे आमची लेखणी वळली नाही, कारण ती आमच्या गावची नव्हती, आमच्या मतदारयादीत नव्हती, आणि खरे सांगायचे तर आमच्याच उसासाठी ती तेथे होती. शहरातल्या पर्यावरणवादी मित्रांचेही तेच. प्लास्टिकच्या पिशवीवर त्यांची सूक्ष्म दृष्टी पडते. ज्यांचे घरच प्लास्टिकचे आहे ती माणसे त्यांच्या परिसंवादांत कोणत्या सत्रात बसवावी, हे त्यांना अद्याप ठरवता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही अहवालापेक्षा मला अधिक बोचते. घरकुलाच्या याद्या ग्रामसभेत वाचल्या जातात. वर्षातली एक ठळक ग्रामसभा २६ जानेवारीची. त्या दिवशी बीड-गेवराईकडची ही माणसे इथल्या शिवारात असतात. त्यांच्या गावी त्यांचे नाव पुकारले तरी ‘हजर’ म्हणायला कोणी नसते, आणि इथल्या ग्रामसभेत त्यांचे नाव पुकारण्याचा प्रश्नच येत नाही. एका घराचा हक्क दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर गहाळ होतो.

तेव्हा या आसनावरून मी एक ठराव मांडतो. त्यात पाच गोष्टी आहेत. इथेनॉलच्या आणि सहविजेच्या खरेदीकरारात तोडकऱ्यांच्या निवाऱ्याची अट असावी. ज्या कारखान्याच्या अड्ड्यांवर पाणी, शौचालय, न्हाणी आणि वीज नसेल त्याच्या इंधनाला हरित दराचा लाभ मिळू नये. टनामागच्या १० रुपयांचा जमाखर्च कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदांपुढे वाचून दाखवावा. गायरानाचा तुकडा सौरपट्ट्यांना देण्याआधी त्याच गावात टोळ्यांच्या मुक्कामाची जागा राखून ठेवावी. आणि तोडकऱ्याचे घरकुलाचे नाव तो ज्या गावी काम करतो तेथील ग्रामपंचायतीतही नोंदवता यावे.

संमेलनांत ठराव वाचले जातात आणि टाळ्यांच्या गजरात ‘सर्वानुमते मंजूर’ होतात. मंडपाबाहेर पडल्यावर ते कोणी मांडले आणि कोणी अनुमोदन दिले हेही कोणास आठवत नाही. या ठरावाला टाळ्या नकोत. चिटणीसांनी हात वर करून मते मोजावीत, विरोधाचे हातही मोजावेत, आणि ज्यांचा विरोध असेल त्यांनी व्यासपीठावर येऊन पाच मिनिटे आपली बाजू मांडावी. मी खाली बसून ती ऐकतो. अनुमोदन कोण देते ते सांगावे.